पेडर्टची पुडी आणि १४ इंची पॅन: घरच्या घरी सोने रोळण्याच्या संचाचे परीक्षण

तांदूळ रोळताना पातेले किंचित कलते धरतात, पाण्याबरोबर तांदूळ पुढे सरकतात आणि खडे तळाशी मागे राहतात. ज्यांचा हात या कामाला बसला आहे त्यांना सोने धुणे निम्मे येतेच. अमेरिकेत ‘पेडर्ट’ या नावाने सोन्याचे कण असलेली रेती पुड्यांत विकतात. ती पुडी, एक प्लॅस्टिकची पॅन आणि पाण्याने भरलेले घमेले एवढ्यावर हा छंद गॅरेजमध्येही करता येतो, बाहेर बर्फ पडत असला तरी. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांत मुलांबरोबर हा संच मागवणारे आहेत, म्हणून काय घ्यावे आणि काय टाळावे ते इथे सविस्तर दिले आहे.

आधी पैशांचे बोलू. पुडीवर ‘किमान अर्धा ग्रॅम सोने’ अशी हमी असेल तर त्या दिवसाचा शुद्ध सोन्याचा ग्रॅमचा भाव काढा, त्याला ०.५ ने गुणा आणि मग ०.८५ ने गुणा. नदीतले सोने २४ कॅरटचे नसते. त्यात चांदी मिसळलेली असते आणि शुद्धता साधारण ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास धरावी लागते. हा आकडा पुडीच्या किमतीपेक्षा कमीच निघेल. जास्त निघाला असता तर विकणाऱ्याने माती न विकता सोनेच विकले असते. फरकाची रक्कम ही शिकण्याची फी आहे आणि आमच्या मते ती वाजवी आहे, पण घेताना हे ठाऊक असावे. अर्धा ग्रॅम म्हणजे जुन्या मापाने जेमतेम चार गुंजा, आकारमानाने पाण्याचा अर्धा थेंब. मूठभर रेतीतून अर्धा थेंब शोधायचा आहे, हे मनात ठेवूनच पुडी फोडावी.

पुड्या मुळात दोन प्रकारच्या. एकीत सोने वजन करून वरून मिसळलेले असते, दुसरीत जशी खणली तशी रेती असते. हमी पहिल्या प्रकारातच देता येते, कारण आत किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘हात न लावलेली, अस्सल’ आणि ‘अर्धा ग्रॅम हमी’ ही दोन्ही वाक्ये एकाच पुडीवर दिसली तर ती घेऊ नका. मिसळलेले सोने ओळखताही येते. सगळे कण एकाच मापाचे, जणू एकाच चाळणीतून काढलेले दिसतात. निसर्गतः आलेल्या रेतीत टपोऱ्या कणापासून पिठासारख्या बारीक कणापर्यंत सगळे असते. मिसळलेले असण्यात गैर काहीच नाही, फक्त विकणाऱ्याने ते स्पष्ट लिहावे. नवशिक्याने हीच पुडी घ्यावी, कारण आत किती आहे हे माहीत असल्यामुळे आपल्या हातून किती निसटले ते मोजता येते. पहिल्यांदा एक पौंडाची, म्हणजे ४५४ ग्रॅमची पुडी पुरे.

पॅन मात्र चांगलीच घ्या. गॅरेटची १४ इंची हिरवी पॅन या कामाला उत्तम आहे. तिच्या एका बाजूच्या खाचा काटकोनात कापलेल्या आहेत. रेती वरून घसरते आणि जड कण खाचेच्या पायथ्याशी अडकतात. हिरव्या रंगावर पिवळा कण आणि काळी रेती (लोखंडाच्या खनिजांचे जड दाणे) दोन्ही उठून दिसतात. पोलादी पॅन दिसायला जुन्या वळणाची आणि रुबाबदार असते, पण गंजते आणि लोहचुंबक तिलाच चिकटते. स्वस्त संचात येणाऱ्या ८-१० इंची पातळ पॅन बारीक कणांचा शेवटचा हात मारायला ठीक, पूर्ण पुडी त्यात धुवायला घेतली तर काठावरून सांडते.

बाकी सामान असे: २० आणि ५० जाळीच्या दोन चाळण्या (जाळीचा आकडा म्हणजे एका इंचात किती छिद्रे, २० ची छिद्रे सुमारे ०.८५ मिलिमीटर, ५० ची सुमारे ०.३), कण ओढून घेणारी मऊ स्नफर बाटली, काचेची कुपी, लोहचुंबक आणि मिलिग्रॅम दाखवणारा छोटा काटा. दोन घमेली हवीतच. एकात धुवायचे, दुसऱ्यात चाळायचे.

नव्या पॅनवर साच्यातून काढताना लावलेल्या तेलाचा थर असतो. तो राहिला की बारीक सोने पाण्यावर तरंगते आणि सरळ बाहेर जाते. भांड्यांच्या साबणाने पॅन दोनदा घासा. तारेची घासणी वापरू नका. घमेल्यातल्या पाण्यातही लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब टाका, फेस होईल इतके नको. हाताला तेल किंवा क्रीम लावलेले असेल तर तेही धुवा. बारीक सोने हातचे जाते ते बहुतेक वेळा याच कारणाने.

आता धुणे. रेती दुसऱ्या घमेल्यात पाण्याखाली चाळा आणि चाळणीवर राहिलेले, मधले आणि सगळ्यात बारीक असे तीन भाग वेगवेगळे धुवा. एकत्र धुतले तर मोठा खडा आणि बारीक सोने एकाच वेगाने खाली बसतात आणि काही केल्या वेगळे होत नाहीत. मातीची ढेकळे असतील तर बोटांनी पूर्ण कुस्करा. चिकट ढेकूळ घरंगळत बाहेर जाते ते पोटात सोने घेऊनच.

पॅन अर्ध्यापेक्षा कमी भरा, पाण्याखाली आडवी धरा आणि डावीकडे-उजवीकडे १५-२० सेकंद जोरात हलवा. पाण्याखालीच का? कोरडे असताना सोने तेवढ्याच आकाराच्या गारगोटीच्या सुमारे सातपट जड असते. पाण्यात दोघांचेही वजन घटते, पण गारगोटीचे तिच्या वजनाच्या मानाने जास्त घटते आणि फरक अकरापटीवर जातो. काळ्या रेतीशी मात्र तो जेमतेम सव्वाचारपट असतो. पहिली गारगोटी झटपट निघते आणि शेवटची चमचाभर काळी रेती जिवावर येते, ते यामुळे. हलवून झाले की खाचा पुढे करून पॅन कलती करा आणि पाण्याच्या हलक्या लाटेने वरचा थर बाहेर जाऊ द्या. तीन लाटा, मग पुन्हा आडवी धरून हलवणे. हे पुन्हा हलवणे लोक विसरतात. लाटांनी तळचा थर वर उचलला जातो आणि चौथ्या-पाचव्या लाटेला सोने काठाशी आलेले असते.

एक-दोन चमचे काळी रेती उरली की थांबा. पॅनमध्ये जेमतेम अर्धा कप पाणी ठेवा, खाचांची बाजू दूर करून गुळगुळीत बाजूवर ते हळूहळू गोल फिरवा. काळी रेती पाण्याबरोबर पुढे पंख्यासारखी पसरते आणि तिच्या मागे, जागचे न हललेले पिवळे कण उघडे पडतात. पॅनच्या काठावर बोटाने टिचकी मारत राहिलात तर ते आणखी मागे सरकून एका ओळीत येतात. आता बाटली दाबून धरा, टोक कणाजवळ न्या आणि दाब सोडा.

लोहचुंबक ओल्या रेतीत घालू नका. मॅग्नेटाइटचे, म्हणजे काळ्या रेतीतल्या चुंबकाला लागणाऱ्या खनिजाचे, दाणे एकमेकांना चिकटून गुच्छ होतात आणि त्यात सोने अडकून उचलले जाते. रेती पूर्ण वाळवा, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, थोडे वरून फिरवा आणि पिशवी उलटून दाणे वेगळ्या वाटीत पाडा. ती वाटीही एकदा धुऊन पाहा. सगळी काळी रेती चुंबकाला लागत नाही, हेमाटाइट हे तिच्यातले दुसरे लोहखनिज मागे राहते. ते हातानेच काढावे लागते.

चमकते ते सोनेच असे नाही, हे मुलांना पटकन दाखवता येते. पॅनवर हाताची सावली धरा: अभ्रक विझते, सोन्याचा रंग तसाच राहतो. सुईने टोचा: सोन्याला खळगा पडतो, पायराइट (सोन्यासारखे चमकणारे खनिज) फुटते, अभ्रकाचे पापुद्रे निघतात.

एक इशारा गांभीर्याने घ्यावा. कॅलिफोर्नियाच्या नद्यांत १९ व्या शतकातल्या खाणकामाचा पारा अजून सापडतो. एखादा कण चंदेरी-करड्या थराने झाकलेला दिसला तर तो गॅसवर तापवू नका, नायट्रिक ॲसिडचे प्रयोगही घरी नकोत. पाऱ्याची आणि ॲसिडची वाफ फुप्फुसात जाते. तो कण पाण्याने भरलेल्या कुपीत वेगळा बंद करून ठेवा. बाकीचे सोने कागदावर सावलीत वाळवून तोलावे. प्लॅस्टिकच्या डबीत कोरडे सोने ओतू नका, स्थिर विजेने कण भिंतीला चिकटतात.

तोलल्यावर हमीपेक्षा कमी भरले तर विकणाऱ्याला लिहिण्याआधी पहिल्या घमेल्यातला गाळ पुन्हा धुवा. नवशिक्याचे हरवलेले सोने तिथेच सापडते. म्हणून धुताना ते पाणी कधी बेसिनमध्ये ओतू नये. नळीही तुंबते ती वेगळीच. सराफ बाजारातला केरकचरा आणि गटारातला गाळ विकत घेऊन धुणारे आपले झारेकरी, किंवा मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या नद्यांत लाकडी पात्राने सोने काढणारे सोनझरी, हे गाळ पुन्हा पुन्हा धुण्याच्या चिकाटीवरच जगत आले. त्यांच्या हाताची सफाई या हिरव्या पॅनमध्ये विकत मिळत नाही.

निकाल: पॅन आणि दोन चाळण्या निःशंक घ्या, त्या वर्षानुवर्षे टिकतात. पुडी घेताना सोने मिसळलेले आहे का, ग्रॅममध्ये किती, रेती कुठली आणि कोणत्या जाळीने चाळलेली, हे चारही लिहिलेले असेल तरच घ्या. दहा पौंडांची स्वस्त ‘नशीब आजमावा’ पुडी पहिल्यांदा नको. तीन-चार तास धुऊन काही निघाले नाही तर चूक हाताची की मातीची हे कळायला मार्ग नसतो. पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना भेट म्हणून पुडी पाठवू नका: परदेशी माती आणि रेती भारतात आणण्यावर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचे निर्बंध आहेत. पॅन पाठवा. सरावासाठी घरची धुतलेली वाळू आणि शिशाचे मोजून दहा बारीक छर्रे पुरतात. छर्रे हातोडीने चपटे करून वाळूत मिसळा, धुवा आणि मोजा; सलग तीनदा दहाच्या दहा हाती आले की हात बसला. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना छर्रे देऊ नका.