दारूखान्यातलं गॅरेज: जुन्या स्पोर्ट्स कारचा ‘ठक’ आवाज कुठून येतो ते आधी शोधतात, मग पाना लावतात

मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, दारूखान्यात, भंगार लोखंडाच्या वखारी आणि लेथच्या गाळ्यांच्या मधोमध हे गॅरेज आहे. पाटी नाही. ‘जर्मन गाडीवाले मिस्त्री’ म्हणून विचारलं की नाक्यावरचा चहावाला हात करून दाखवतो. तुमच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी जुनी स्पोर्ट्स कार असेल आणि अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की मागून ‘ठक’ होत असेल, तर एकही पार्ट मागवायच्या आधी गाडी इथे दाखवा.

माझी गाडी बीएमडब्ल्यू झेड३, २.८ लिटर, सहा सिलिंडर, मॅन्युअल गिअर. ही गाडी अमेरिकेत स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनायची, १९९५ ते २००२. तिच्या काळातल्या थ्री सिरीज सेडानला नव्या धर्तीचं मागचं सस्पेन्शन होतं. झेड३ला मात्र त्याआधीच्या पिढीचं, सेमी-ट्रेलिंग आर्मचं (तिरक्या आर्मवर चाक पेलणारं) दिलं. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा, पुढून सबफ्रेमला (खालच्या लोखंडी चौकटीला) घट्ट बसतं आणि मागून एकाच कानावर, एका रबरी बुशमधून (धक्का शोषणाऱ्या रबरी तुकड्यातून), डिक्कीच्या पत्र्याखालच्या ब्रॅकेटला लटकतं. इंजिनाने जोर लावला की डिफरन्शियल नाक वर करायला बघतं, जोर सोडला की खाली येतं. ती सगळी ओढाताण त्या एका कानातून पातळ पत्र्यात आणि पत्र्याच्या स्पॉट वेल्डांत (ठिपक्यांसारख्या जोडांत) उतरते. सायनच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने सरकताना हे किती वेळा होत असेल ते मुंबईकरांना सांगायला नको.

माझ्या गाडीत दुसऱ्या गिअरला पाय उचलला की एक ठोका, परत दाबला की दुसरा. क्लच सोडताना तर डिक्कीत कोणी हातोडी आपटल्यासारखं वाटायचं. शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपने गाडी वर घेतली, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा) हाताने हलवून दाखवला आणि ‘क्राउन-पिनियनमध्ये प्ले आहे, डिफरन्शियल बदला’ (म्हणजे आतल्या दातेरी चाकांत ढिलेपणा आलाय) म्हणून भलंमोठं एस्टिमेट हातात ठेवलं. शाफ्ट खरंच हलत होता. तरीही मला ते पटलं नाही.

मी जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना ते सक्तीचं आहे. छताचा गिलावा पडला म्हणजे दोष छतातच आहे असं आम्ही धरत नाही. भार कुठून येतो आणि कुठे उतरतो ते वरपासून खालपर्यंत तपासतो. दारूखान्यातल्या मिस्त्रींनी गाडीला नेमकं हेच केलं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय.

पहिला अर्धा तास नुसते प्रश्न. आवाज एकदाच येतो की टकटक सुरू राहते? वळताना वाढतो का? वेग वाढला की थरथर येते का? थरथर असती तर शाफ्टचं मधलं बेअरिंग किंवा क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा), वळताना टकटक असती तर अॅक्सेलचे (डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट. मग स्वतः शेजारी बसून पी. डिमेलो रोडवर नेलं. खड्डे आले तिथे म्हणाले, “मॅडम, क्लच दाबून गाडी अशीच जाऊ द्या.” आवाज आला नाही. म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरचे वरचे माउंट आणि आर्मचे बुश बाजूला पडले. या गाडीत शॉकचे माउंट गेले तरी डिक्कीतूनच आवाज येतो आणि लोक हमखास फसतात. पुढे ऑरेंज गेटहून फ्रीवेवर तिसऱ्या गिअरला पाय सोडून-दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी एकच ठोका.

गॅरेजमध्ये आल्यावर लगेच काही खोललं नाही. फोन एका चुंबकी स्टँडवर लावून गाडीखाली डिफरन्शियलकडे तोंड करून ठेवला आणि गाडी गल्लीत पुढेमागे घेतली. व्हिडिओत डिफरन्शियल उडी मारताना स्पष्ट दिसत होतं. मला ती फिल्म हळू करून दाखवली, वर बोट ठेवून.

त्यानंतर लिफ्ट आणि खडू. गिअर न्यूट्रल, दोन पोरांनी दोन्ही चाकं घट्ट धरली, मिस्त्रींनी शाफ्ट फिरवला. पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जिथे जोडतात त्या तबकडीवर) खूण, अॅक्सेलच्या प्रत्येक जॉइंटच्या अलीकडे-पलीकडे खूण. कुठली खूण कुठल्या खुणेच्या आधी हलते ते बघत गेले. इथे त्यांनी जे समजावलं ते त्या मोठ्या वर्कशॉपमध्ये कुणी बोललंच नव्हतं. पिनियन तीन फेऱ्यांहून जास्त फिरतो तेव्हा चाकाची एक फेरी होते. म्हणून अॅक्सेलकडचा बारीकसा प्ले शाफ्टवर तिपटीहून मोठा होऊन दिसतो. त्यात गिअरच्या दातांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर तेल शिरणार नाही आणि दात जळतील. शाफ्ट थोडा हलला म्हणून डिफरन्शियल गेलं असं होत नाही. खात्रीसाठी तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. लोखंडाची चमक नव्हती.

दोष दोन ठिकाणी निघाला. गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या मधली रबरी डिस्क फाटली होती. नुसती बघितली तर धड वाटत होती, गाडी गिअरमध्ये ठेवून चाक पिळल्यावर चिरा उघडल्या. आणि डिफरन्शियलच्या कानातला बुश मधोमध तुटला होता. टॉमी (लोखंडी पहार) लावली की कान सरळ धातूवर आपटत होता. मग डिक्कीतलं कार्पेट काढून तिथल्या बॅटरीच्या बाजूचा पत्रा दाखवला. ब्रॅकेटच्या कडेचे काही स्पॉट वेल्ड उघडायला लागले होते. समुद्राच्या हवेने कडेला गंज धरलाच होता.

कामही तितकंच नीट. बुश रबराचाच टाकला. मी पॉलियुरेथेनचं (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचं) विचारलं होतं, कारण सगळे तेच सुचवतात. “ताई, बुश जेवढा कडक तेवढा धक्का पत्र्याला. तुमचा पत्रा आधीच थकलाय.” याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. शाफ्टचे दोन भाग सोडण्याआधी एकमेकांवर खुणा केल्या, कारण ते तसेच परत बसले नाहीत तर बॅलन्स जातो. नव्या डिस्कवरचे बाण फ्लँजच्या बाहूंकडे येतील अशी ती बसवली आणि पाना फक्त फ्लँजच्या बाजूने फिरवला, म्हणजे रबर पिळलं जात नाही. नट सगळे नवे. पत्र्याला वेल्डिंगआधी बॅटरी बाहेर काढली, पेट्रोल टाकीच्या बाजूला आगीची चादर लावली, एक पोरगा आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभाच होता. आतून जाड पट्टी वेल्ड करून प्रायमर, रंग आणि वरून मेण मारलं.

आता ठोका गेलाय. पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू जाताना बारीक ‘टिक’ येते. ती ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या, मध्ये स्प्रिंग असलेल्या दुहेरी जड चाकाच्या) स्प्रिंगांची आणि दातांच्या फटीची आहे, राहणार, हे त्यांनी काम हातात घेण्याआधीच सांगितलं होतं. फ्लायव्हील अजून सुस्थितीत आहे, उगाच बदलू नका, असंही. नव्या डिफरन्शियलचं बिल लावायची संधी समोर असताना हा माणूस ती घेत नाही, याची मला मनापासून कदर वाटते.

तपासणीचे वेगळे साडेतीन हजार घेतात, काम तिथे करा किंवा दुसरीकडे न्या. वहीच्या पानावर प्रत्येक जॉइंटसमोर ‘ठीक’ किंवा ‘बदल’ लिहून सही करून देतात. माझ्या मते हे पैसे कमीच आहेत.

उणिवाही आहेत. बसायला जागा नाही, लेथची घरघर दिवसभर. इलेक्ट्रॉनिक्सचं काम ते घेत नाहीत, स्पष्ट नाही म्हणतात. पार्ट बाहेरून यायचा असेल तर गाडी आठवडेच्या आठवडे कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी राहते, आणि ‘परवा होईल’ या शब्दावर भरवसा ठेवू नका. वेल्डिंग पावसाळ्यात करून घेऊ नका; गल्लीत पाणी भरतं आणि रंग नीट वाळत नाही. दिवाळीनंतर न्या. आधी फोन करा, डिक्की रिकामी करून जा आणि आवाज कधी, कुठल्या गिअरला, पाय दाबताना की सोडताना येतो ते लिहून न्या. मिस्त्री ते सगळं विचारतात.