मतदार चिठ्ठ्या छापायच्या असतील तर नेरूळचं हे प्रेस (चार स्टार)

बेलापूरचा २०२४ चा विधानसभेचा निकाल कुणी विसरलं नसेल. मंदाताई म्हात्रे आल्या, संदीप नाईक पडले, फरक ३७७ मतांचा. एवढे मतदार तर सीवूड्सच्या एखाद्या मोठ्या सोसायटीतच निघतील. तेव्हापासून इथला कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता चिठ्ठीवाटपाला किरकोळ काम म्हणत नाही.

नेरूळ पूर्वेला स्टेशनच्या बाजूचं हे छोटं प्रेस त्या कामात पक्कं आहे. मतदार यादीत एकाच घरातले चौघे चार ठिकाणी विखुरलेले असतात. इथला मुलगा ते शोधून घरटी एक गड्डी करतो, वर रूम नंबर टाकतो, विंगप्रमाणे रबर लावतो. सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीत चौथा मजला दोनदा चढावा लागत नाही, याचं मोल वाटप करणाऱ्यालाच कळतं!

मालक काका मात्र नियमाला कडक. आमच्यातल्या एकीने चिठ्ठीच्या कोपऱ्यात चिन्ह टाका म्हटलं, तर सरळ नकार. "चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर. चिन्ह नाही, उमेदवार नाही, पक्ष नाही. प्रचार करायचाय तर पत्रक वेगळं छापा, ताई." पत्रकालाही आधी प्रकाशकाचं घोषणापत्र, त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या, मगच मशीन सुरू. खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७क त्यांना तोंडपाठ आहे. कटकट वाटते खरी. पण मागे दुसऱ्या एका प्रेसने आम्हाला बिननावाची पत्रकं दिली होती, ती भरारी पथकाने गठ्ठ्यासकट उचलली. त्यापेक्षा ही कटकट परवडली.

एक स्टार कापला तो अक्षरासाठी. यादी भाग आणि अनुक्रमांक इतका बारीक की आजी-आजोबा चिठ्ठी हातात घेऊन "बाळा, वाच जरा" म्हणतात. सांगितल्यावर पुढच्या लॉटला मोठा केला, पण पहिला लॉट तसाच वाटावा लागला.

निवडणुकीत पैसे पूर्ण आगाऊ, उधारी नाही. हरलेला उमेदवार फोन उचलत नाही, असं काका म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. उमेदवारी माघारीची मुदत संपली की लगेच फाइल द्या. तुळशीचं लग्न लागलं की लग्नपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात, मग तुमचा नंबर मागे.