परदेशी सिनेमांचं वार्षिक सबस्क्रिप्शन: पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं

ऑटो-रिन्यूचे पैसे परवा न विचारता कापले गेले म्हणून लिहितोय, नाहीतर कंटाळाच होता. हे परदेशी सिनेमांचं ॲप (नाव घेत नाही) दिवाळीच्या ऑफरमध्ये वर्षभरासाठी घेतलेलं. प्रिंट झकास, जाहिराती नाहीत, कॅटलॉग तुम्ही चाळलाच असेल.

डोकं फिरतं ते सबटायटल्सवरून. टीव्हीवर अक्षरं पांढरीफेक, मागे काळी पट्टी नाही, आणि बदलायची सोय फक्त मोबाइलवर! आता जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' (1953) घ्या. दिवस उन्हाळ्याचे, जो तो हातपंखा हलवत बसलेला, अंगात पांढरे कपडे, आणि ओझूचा कॅमेरा तर जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेएवढा खाली. म्हणजे शर्ट बरोब्बर अक्षरांच्या मागे. म्हातारा-म्हातारी मुलांकडे येतात, मुलांना वेळ नाही म्हणून त्यांना आतामी नावाच्या गावी हॉटेलात पाठवतात, एवढं कळलं, पण कोण काय बोललं ते निम्मं शर्टांनी खाल्लं. कस्टमर केअरचं उत्तर, ॲप काढून परत टाका. टाकलं. तेच.

तरी बघत राहिलो कारण सिनेमे तसे आहेत. इराणी दिग्दर्शक फरहादीच्या 'अ सेपरेशन'मध्ये (2011) सुरुवातीलाच नवरा-बायको थेट आपल्याकडे बघून भांडतात, जज दिसत नाही, नुसता आवाज, म्हणजे खुर्चीत आपणच. आणि शेवटी मुलगी आईकडे राहणार की बाबांकडे, हे सांगतच नाहीत. बायको म्हणाली, पुढचा भाग कुठाय? हॉलिवूडने पोरीला पळत येऊन मिठी मारायला लावली असती, वर व्हायोलिन. इराणच्याच किआरोस्तामीचा 1987 चा तो वहीवाला सिनेमा बघा, मित्राची वही चुकून घरी आली, ती द्यायला पोरगा शेजारच्या गावात जातो, बास, आणि मी अख्खा वेळ टेन्शनमध्ये.

तर अमेरिकन म्हणजे फोडाफोडी, हे मत पक्कं होत आलेलं, तेवढ्यात याच ॲपवर 'मेक वे फॉर टुमारो' सापडला, 1937 चा, चक्क अमेरिकन. बँकेने घर घेतलं, मुलांनी आई-वडील वाटून घेतले, एक इकडे एक तिकडे, आणि शेवट अजिबात गोड केलेला नाही. ओझूचा सहलेखक कोगो नोदा याने हा पाहिलेला, 'टोकियो स्टोरी'चं बीज तिथलंच! अमेरिकन दिग्दर्शिका केली रायकार्टचा 'वेंडी अँड ल्युसी' (2008) पण तसाच, बाईची गाडी बंद पडते, कुत्री हरवते, संपलं. म्हणजे तिकडेही हे बनतं, आपल्या मल्टिप्लेक्सला फक्त मुखवटेवाले सुपरहिरो येतात.

मग परदेशी सिनेमा जास्त का भिडतो? मला वाटतं निम्मं श्रेय सबटायटल्सचंच. इंग्रजी लावला की कानावर भागतं, हातात व्हॉट्सॲप. फारसी किंवा जपानी लावला की फोन उलटा ठेवावाच लागतो, नजर हलली की संवाद गेला. सलग दोन तास एका जागी बघणं हे माझ्या घरात दुसऱ्या कशालाच होत नाही. आणि ज्या अक्षरांवर हे सगळं चालतं तीच या लोकांनी दिसेनाशी करून ठेवलीयेत, काय बोलणार.

सध्या लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून बघतो, ब्राउझरमध्ये काळी पट्टी येते. केबलचा खर्च माझ्याच डोक्यावर. पैसे परत मागितले तर 'पॉलिसीत बसत नाही'. वार्षिक अजिबात घेऊ नका, महिन्याचं घ्या, आणि ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करा. ते बटण 'अकाउंट'मध्ये शोधू नका, 'मदत'मध्ये एकदम खाली लपवलंय.