स्मरणार्थ बाक : सोलापुरातील एका कारागिराचे काम

आई गेल्यानंतर तिच्या नावाने वसाहतीच्या बागेत एक बाक बसवावे असे आम्हा भावंडांनी ठरवले आणि सिमेंटच्या वस्तू घडवणाऱ्या येथीलच एका कारागिराकडे ते काम सोपवले. एक बाब सोडली तर काम उत्तम झाले.

काळ्या ग्रॅनाइटचा आमचा आग्रह त्यांनीच सोडायला लावला. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात दिवस मावळला तरी काळा दगड बसू देत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. त्याऐवजी त्यांनी आत सळ्या घालून साच्यात ओतलेले आणि वरून फिकट मोझॅकची घोटाई केलेले बाक दिले. पाठीला किंचित कल ठेवला, गुडघे धरलेल्या माणसाला टेकून उठता यावे म्हणून दोन्ही बाजूंना हात घेतले आणि पुरेसे पाणी मारून होईपर्यंत बाक जागचे हलू दिले नाही.

पाटीवरच्या मजकुराचा विचार मात्र सर्वांनीच करावा. नमुन्याच्या पाट्यांवर ‘कै.’, नाव आणि खाली देणगीदारांची यादी एवढेच होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८६ पासून बाके दत्तक दिली जातात आणि तेथील पाट्यांवर लोक वाढदिवसाच्या शुभेच्छाच काय, लग्नाची मागणीसुद्धा कोरून घेतात. आम्ही आईच्या नावाखाली एवढेच लिहिले : ‘हिला शेंगाची चटणी आणि गप्पा फार आवडत. बसा, बोला.’

त्या एका ओळीने बाकाचे रूपच पालटले. पूर्व भागातून लेकीकडे आलेल्या एक तेलुगुभाषक आजी आणि मागच्या गल्लीतल्या कन्नड बोलणाऱ्या काकू, ज्यांची एरवी ओळख होण्याचे काही कारण नव्हते, त्या पाटी वाचून चटणी उखळातच कुटावी की मिक्सर चालतो यावर मोडक्यातोडक्या मराठीत तावातावाने बोलत होत्या; दुसऱ्या दिवशी काकूंनी डबाच आणला. आईला कधीही न पाहिलेल्या त्या दोघी तिच्याविषयी मला हक्काने विचारू लागल्या, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला.

उणीव आहे ती अक्षरांत. संगमरवरी पाटीवरील कोरीव काम उथळ असल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात रंग उडाला आणि वारंवार सांगूनही तो पुन्हा भरून मिळण्यास फार विलंब लागला. तरीही बाकासाठी मी याच कारागिराकडे जाण्यास सुचवीन; पाटी तेवढी खोल अक्षरे कोरणाऱ्याकडून वेगळी करून घ्यावी.