शिरोलीच्या फौंड्रीत आठ महिने एआय वापरलं, त्याचा अनुभव

थेट मुद्द्यावर येतो. गेले आठ महिने मी ऑफिसच्या कामात रोज एआय वापरतोय आणि आता त्यावर नीट काहीतरी लिहावं एवढा अनुभव गाठीला आलाय. आधी एक सांगून ठेवतो, मी बाई आहे, पण आमच्या कोल्हापुरात बायका पण मी आलो, मी गेलो, मी करतो असंच बोलतात, त्यामुळं इथंही तसंच लिहिणार. याचा एआयशी संबंध आहे, पुढं येईलच.

शिरोली एमआयडीसीत एका मध्यम फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, कामाला आहे. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या दोन प्रकारच्या लोखंडाची कास्टिंग (ओतीव भाग) होतात, ट्रॅक्टर, पंप, ट्रकचे पार्ट. माझ्याकडं कस्टमर कोऑर्डिनेशन, म्हणजे पुणे-चाकणच्या कस्टमरचं म्हणणं शॉपवर, म्हणजे कारखान्यात आत काम करणाऱ्यांपर्यंत, पोचवायचं आणि शॉपवर काय चाललंय ते कस्टमरला कळवायचं. कस्टमरचं सगळं इंग्रजीत, मोल्डिंगचे (साचे करणारे) मामा अस्सल कोल्हापुरीत, फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) आणि भट्टीवर बिहार-ओडिशाची पोरं, त्यांच्याशी हिंदी. इंग्रजी मला येतं पण शिक्षण सगळं मराठी मीडियमचं, एक मेल लिहायला अर्धा तास जायचा आणि पाठवल्यावर पण मनात धाकधूक की काय चुकलं तर नाही ना. सुरुवात केली ती एवढ्यासाठीच. ॲपचं नाव लिहीत नाही, दोन ॲप आलटून पालटून वापरतो आणि खाली जे लिहिलंय ते दोन्हीला लागू आहे.

पहिला महिना तर लै भारी वाटलं. मी मराठीत टाकायचं, मधे इंग्रजी शब्द, मधेच हिंदी, आणि समोरनं साफ इंग्रजी मेल तयार. शनिवारी संध्याकाळी डोकं तापलेलं असताना मी लिहिलेलं की तुम्हाला तीनदा सांगितलंय ड्रॉइंगचा नवीन रिव्हिजन पाठवा म्हणून, जुन्यावर माल काढला तर जबाबदार कोण. त्याचं झालं असं की नवीन रिव्हिजन मिळाल्याशिवाय पुढचा लॉट सुरू करता येत नाही, बुधवारपर्यंत मिळालं तर ठरलेली तारीख पाळता येईल. राग गेला आणि मुद्दा राहिला. सोमवारी सकाळी ड्रॉइंग आलं.

पण दुसऱ्या महिन्यापासनं एक लक्षात यायला लागलं. दोन ओळीच्या गोष्टीचे चार परिच्छेद होतात. सुरुवातीला ख्यालीखुशाली, शेवटी सहकार्याबद्दल आभार, मधे एका वाक्यात काम. आणि समोरचा पण एआयनंच लिहितोय हे कळतं, कारण त्याची पण तीच ख्यालीखुशाली आणि तेच आभार. एकदा एका पार्टच्या पॅकिंगवरनं असे सात लांबलचक मेल झाले, शेवटी मी फोन उचलला आणि चार मिनिटात मिटलं, त्यांना लाकडी पेटीऐवजी पॅलेट हवं होतं एवढंच. तेव्हापासनं कायमची सूचना घालून ठेवलीय: पाच ओळीच्या वर जाऊ नकोस, पहिल्या ओळीत काय हवंय ते, दुसऱ्या ओळीत कधीपर्यंत. एवढ्यानं पण निम्मा फरक पडला.

पावसाळ्यातला अनुभव मुद्दाम लिहितो कारण तिथं खरंच उपयोग झाला. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की आम्हा शिरोलीकरांचं लक्ष राजाराम बंधाऱ्यावर, ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये हायवे बंद पडून गाड्या अडकलेल्या, ते कुणी विसरलेलं नाही. पण पुण्यात बसलेल्या माणसाला ३९ फूट म्हणजे काय हे कळायचं कारण नाही. मी आधी लिहायचो की पाणी वाढतंय, गाडी निघेल का नाही सांगता येत नाही, त्यावर त्यांचा प्रश्न यायचा की मग नक्की तारीख सांगा, आणि वैताग व्हायचा. यावेळी एआयला सांगितलं की आधी मला प्रश्न विचार, कस्टमरच्या जागी तू असतास तर तुला काय जाणून घ्यायचं असतं. त्यानं पाच विचारले: तयार माल किती, गाडी भरलीय का, कस्टमरकडं किती दिवसांचा स्टॉक असेल, दुसरा रस्ता आहे का, आणि तुम्ही निर्णय कधी घेणार. शेवटचा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. मेलमध्ये लिहिलं की संध्याकाळी सहाची पातळी बघून साडेसहाला कळवतो, आणि साडेसहाला कळवलं. त्या आठवड्यात मला ओरडून एक फोन आला नाही.

आता जे वाईट झालं ते. एका हाउसिंगमध्ये ब्लोहोल (गॅस अडकून पडलेली भोकं) निघाले म्हणून कस्टमरनं ८डी रिपोर्ट मागितला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रॉब्लेम काय, तात्पुरतं काय केलं, मूळ कारण काय, कायमचा उपाय काय, परत होऊ नये म्हणून काय, अशा आठ पायऱ्यांत लिहायचं असतं. क्वालिटीच्या साहेबांनी मला तोंडी सांगितलेलं, साच्याच्या सँडमध्ये मॉइश्चर जास्त होतं आणि कोअरचं (आतली पोकळी करायला साच्यात ठेवतात त्या भागाचं) व्हेंटिंग, म्हणजे गॅस बाहेर जायची वाट, कमी पडलं. मी तेवढंच टाकलं आणि म्हटलं रिपोर्ट कर. रिपोर्ट इतका सुंदर आला की बघत बसलो. साहेबांनी घाईत वरवर बघितला, मी पाठवला. तीन दिवसांनी कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांचा फोन, तुम्ही लिहिलंय की मॉइश्चर ३.२ टक्क्यांवर कंट्रोल केलं आणि ऑपरेटरचं ट्रेनिंग पूर्ण झालं, तर लॉगशीट आणि ट्रेनिंगच्या सह्या पाठवा. माझ्या पोटात गोळाच आला. ३.२ कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंग झालंच नव्हतं. लॉगशीटला त्या आठवड्यात ३.८ ते ४.१ होतं. एआयनं रिकामी जागा स्वतःच भरलेली, आणि वाक्य इतकं ठाम की माणसाला शंका येत नाही.

मी खरं सांगून टाकलं, साहेबांनी पण साथ दिली, रिपोर्ट परत केला, यावेळी खऱ्या आकड्यांनी, आणि ट्रेनिंगची पुढची तारीख घालून. कस्टमर चिडले पण ऐकून घेतलं. त्यानंतर दोन रात्री झोप नीट लागली नाही, कारण कास्टिंग फुटलं तर ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे, हे नुसतं कागदाचं काम नाही. नंतर वाचून कळलं की हे मॉडेल पुढचा शब्द कुठला येईल ते अंदाजानं लावत जातं, ८डी रिपोर्टात त्या जागी आकडा असतो म्हणून त्यानं आकडा घातला, खरा का खोटा हे त्याला माहीतच नसतं. आता माझी दुसरी कायमची सूचना: मी न सांगितलेला एकही आकडा, तारीख, झालेलं काम लिहायचं नाही, जागा सोडायची आणि तिथं "माहिती हवी" असं लिहायचं. तरी मी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाचतो, कारण सूचना देऊन पण महिन्यात एखाद्या वेळी घुसवतोच.

मराठीबद्दल. व्याकरण चांगलं आहे, हिंदी तर फारच चांगलं. पण फौंड्रीची मराठी त्याला येत नाही. हीट नंबरचं (भट्टीच्या एका घाण्याचा नंबर) उष्णता क्रमांक, कोअरचं गाभा, आणि एकदा तर मोल्डचं, म्हणजे साच्याचं, बुरशी केलं. त्यामुळं पन्नासेक शब्दांची यादी करून ठेवलीय, हे शब्द आहे तसेच ठेव म्हणून. आणि मी "उद्या येतो" लिहिलं की ते "येते" करणार, "बोललो" चं "बोलले" करणार. एकदा दुरुस्त केलं, दोनदा केलं, परत तेच. पुस्तकात ते बरोबर असेल, पण माझी आई असंच बोलते, आज्जी असंच बोलायची, शॉपवर माझ्या तोंडात "येते" ऐकलं तर लोक म्हणतील मॅडमना काय झालं. मला हे मनापासून खटकतं.

त्याहून मोठी गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवरची. साच्याच्या बॉक्सचे क्लॅम्प नीट न लावल्यानं दोन दिवस रिजेक्शन वाढलेलं, मी एआयकडनं मराठी मेसेज करून घेतला आणि टाकला: सर्व संबंधितांना कळविण्यात येते की वगैरे, दक्षता घ्यावी, अन्यथा गांभीर्याने दखल घेतली जाईल. दुपारी मोल्डिंगचे मामा डबा न खाता केबिनच्या दारात उभे. म्हणाले, "मॅडम, आमचं काय चुकलं? नोटीस काढलीसा?" सव्वीस वर्षं मोल्डिंगला असलेला माणूस, हातात मोबाईल धरून तो मेसेज मला वाचून दाखवत होता आणि आवाज कापत होता. मी त्यांना बसवलं, चहा मागवला, म्हटलं मामा तसं काही नाही, क्लॅम्प ढिला राहतोय एवढंच बघा की. ते म्हणाले मग असंच सांगायचं होतंसा, क्लॅम्पचा आटाच झिजलाय, पोरांचा काय दोष. म्हणजे कारणच वेगळं होतं आणि माझ्या त्या मेसेजनं ते विचारायची वाटच बंद केलेली. तेव्हापासनं मराठी शॉप मेसेज एआयकडनं लिहून घेणं पूर्ण बंद. स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट टाकतो. हिंदी मात्र घेतो, पाठवायच्या आधी भट्टीवरच्या एका पोराला वाचायला देतो, तो म्हणाला ठीक है दीदी की मगच पाठवतो.

मिटिंग रेकॉर्ड करून मुद्दे काढायचं पण करून बघितलं, सगळ्यांना विचारून. जमलं नाही. ग्राइंडरच्या आवाजात फेटलिंगचं फिटिंग लिहून येतंय ते एक, पण मोबाईल टेबलावर ठेवला की माणसं बोलायचीच थांबली. आता मी डायरीत हातानं लिहितो आणि त्या पानाचा फोटो देतो, कुणी काय करायचं आणि कधीपर्यंत एवढं वेगळं काढून देतं. माझं अक्षर बरं आहे म्हणून चालतं.

पैशाच्या फॉलोअपला ठीक. लहान-मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ चं कलम १५, ४५ दिवसांच्या आत पैसे, हे त्यानं बरोबर मांडलं, भाषा पण सभ्य ठेवली, तरी कायद्याचा कुठलाही शब्द सीएंना दाखवल्याशिवाय आम्ही पाठवत नाही.

आणि ड्रॉइंग, रेट, कस्टमरचं नाव, यातलं काहीच मी त्यात टाकत नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीनं असल्या टूलवर बंदी घातली, एवढ्या मोठ्यांचं असं होतं तर आपण काय. सेटिंगमध्ये आपली माहिती ट्रेनिंगला वापरू नका असा पर्याय असतो, तो पहिल्या दिवशी बघा.

सगळ्यात जास्त उपयोग मला लिहून घेण्यापेक्षा प्रश्न विचारून घेण्यात झाला, आणि त्यातनंच सध्याचं काम सुरू झालंय. नाइट शिफ्टनं काय केलं ते सकाळच्यांना कळायचं नाही, जाताना गेटवर कुणीतरी तोंडी सांगायचं, नाहीतर नाहीच. मी एआयला विचारलं की सकाळी सातला येणाऱ्या माणसाला काय माहीत पाहिजे, त्यानं वीसेक प्रश्न काढले, मामांनी आणि भट्टीच्या फोरमननी त्यातले सोळा खोडले, एक स्वतःचा घातला, असे पाच राहिले, मराठी आणि हिंदी दोन्हीत, एका पानावर. मामांनी घातलेला प्रश्न असा: तुमच्या डोळ्याला काय वेगळं दिसलं? बाकी चार एआयचे, पण हा त्याला सुचला नव्हता.

पहिले आठ-दहा दिवस त्यापुढं "सब ठीक" एवढंच यायचं. गेल्या गुरुवारी नाइटच्या पोरानं त्या पाचव्या प्रश्नापुढं वाकड्या अक्षरात लिहिलं, दो नंबर भट्टी का लाइनिंग नीचे से पतला लग रहा है. फोरमननी सकाळी चार्ज (वितळवायचा माल) घालायच्या आधी भट्टी थांबवून बघितली. लाइनिंग, म्हणजे भट्टीच्या आतलं अस्तर, खरंच पातळ झालेलं. दिवसभर ती भट्टी बंद ठेवून लाइनिंग केलं, डिस्पॅच एक दिवस मागं गेला, तो मेल मी कस्टमरला पाच ओळीत लिहिला. त्या पोराचं पान फोरमननी भट्टीजवळच्या बोर्डावर लावलंय.