खांद्याच्या ऑपरेशननंतर झोपायचं कशावर: रिक्लायनर की पलंग?

खांद्याचं ऑपरेशन झालं की दिवस कसाबसा निघतो, रात्र निघत नाही. सपाट आडवं पडलं की ठणका वाढतो, म्हणून पहिले काही आठवडे पाठ साधारण 30 ते 45 अंश उंच ठेवून झोपायला सांगतात. त्यासाठी एकतर रिक्लायनर (पाठ मागे कलणारी आणि पाय वर होणारी आरामखुर्ची), नाहीतर पलंगावर उशांची रचना.

माझं मत रिक्लायनरकडे झुकतं. त्यात अंग खाली घसरत नाही, आणि दोन्ही बाजूंना खुर्चीचे हात असल्यामुळे झोपेत त्या खांद्यावर वळण्याची भीती राहत नाही. रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे बंध) शिवला असेल तर स्लिंग, म्हणजे हात अडकवायची झोळी, बहुतेकदा 4 ते 6 आठवडे असते, झोपेतसुद्धा. तेवढे दिवस ही निर्धास्ती मोठी वाटते.

पण आधी दांडा कुठे आहे ते बघाच. हाताने चालणाऱ्या बऱ्याच रिक्लायनरना पाय वर-खाली करायचा दांडा उजवीकडे असतो. माझाही उजवाच खांदा. पहिल्याच रात्री बाथरूमला जायचं होतं आणि दांडा नेमका स्लिंगखाली. डावा हात पोटावरून तिकडे पोचेना. शेवटी नवऱ्याला हाक मारली. उजव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर बटणावर चालणारी खुर्ची घ्या, आणि बटणं डाव्या हाताला येतील असं बघा.

पाठ किंवा कंबर आधीच दुखत असेल, किंवा खुर्ची उंचीला पुरत नसेल, तर पलंगच बरा. मात्र नुसत्या मऊ उशा रचू नका, पहाटेपर्यंत त्या पसरतात आणि आपण सपाट होतो. पाठीला पाचरीच्या आकाराची घट्ट उशी आणि गुडघ्याखाली एक साधी उशी ठेवली की घसरणं बरंच कमी होतं. बरा हात पलंगाच्या कडेला येईल असं झोपा. उठताना जोर त्याच हातावर द्यायचा.

खुर्ची असो वा पलंग, कोपराखाली घडी केलेला टॉवेल हवाच. खूण सोपी आहे: मान खाली घातली की आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर दंड मागे गेलाय आणि शिवणीवर ताण येतोय.

आणि पहिल्या रात्री गाफील राहू नका. मानेजवळ दिलेल्या ब्लॉकच्या, म्हणजे नसा बधिर करणाऱ्या, इंजेक्शनाने हात साधारण 12 ते 24 तास बधिर असतो. तो उतरला की कळ एकदम येते, आणि तेव्हा खुर्चीतही चैन पडत नाही. गोळी त्याआधी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

रिक्लायनर विकत घ्यायची घाई नको. भाड्याने किंवा ओळखीतून मिळाली तरी चालते. ऑपरेशनच्या आधी एका दुपारी तो हात ओढणीने अंगाशी बांधा, तासभर तिच्यात पडा आणि एकट्याने उठून बघा. पलंगावरही हेच करा. ज्यातून कुणाला हाक न मारता उठता आलं, ती जागा तुमची.