पीएचडीचा संदर्भशोध: गुगल स्कॉलर, स्कोपस की वेब ऑफ सायन्स?

माझं मत आधीच सांगते. शोधनिबंध आणि त्यांचा संदर्भ कोणी दिलाय हे या तिन्ही ठिकाणी शोधता येतं; स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स मात्र वर्गणी भरून घ्यायचे डेटाबेस आहेत. विषयाची ओळख करून घ्यायला गुगल स्कॉलर उत्तम. पण प्रबंधातलं साहित्य आढाव्याचं प्रकरण लिहायचं असेल किंवा एखाद्या लेखकाचं काम नीट शोधायचं असेल, तर स्कोपस. वेब ऑफ सायन्स काही ठराविक कामांसाठीच लागतो, पण त्या कामांत त्याला तोड नाही.

स्कॉलर आणि स्कोपस दोन्ही २००४ साली आले. स्कॉलर फुकट आहे आणि तो प्रबंध, पुस्तकं, परिषदांचे निबंध सगळंच धुंडाळतो. मराठी साहित्य किंवा स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्यांना तर तोच आधी उघडावा लागेल, कारण मराठीतली नियतकालिकं बाकी दोन्हीकडे जवळपास नाहीतच. भारतीय प्रबंधांसाठी जोडीला शोधगंगा ठेवा. अडचण अशी की स्कॉलर कुठली नियतकालिकं धुंडाळतो याची यादी जाहीर नाही, आणि एका शोधाचे पहिले १००० निकालच तो दाखवतो. ‘शोध कसा घेतलात?’ असं परीक्षकांनी विचारलं, तर त्याच्या भरवशावर ठाम उत्तर देता येत नाही.

स्कोपसमध्ये ते देता येतं. समजा विषय कांद्याच्या साठवणुकीचा आहे. शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढ्यातच शोधायचं ठरवून ‘ऑनियन’ आणि ‘स्टोरेज’ या इंग्रजी शब्दांच्या मध्ये डब्ल्यू/५ टाकायचं. म्हणजे दोन्ही शब्द एकमेकांपासून फार तर पाच शब्दांच्या अंतरावर असलेले लेखच येतात. कांद्याचे भाव आणि बटाट्याचं शीतगृह एकाच सारांशात आले म्हणून घुसणारे बरेचसे लेख गळतात. मग वर्ष आणि लेखाचा प्रकार निवडा, सगळी यादी एकदम झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्या आणि शोधवाक्य, तारीख, निकालांची संख्या लिहून ठेवा. प्रबंधात हेच द्यायचं असतं.

लेखक शोधताना फरक आणखी जाणवतो. ‘पाटील एस.’ किंवा ‘कुलकर्णी ए.’ टाकून बघा, पुणे-मुंबईतलेच कितीतरी निघतील. स्कोपस प्रत्येक लेखकाला क्रमांक देऊन त्याचे लेख एकत्र बांधतो, आणि हा लेखकशोध स्कोपस प्रिव्ह्यूवर मोफत आहे. चुका तिथेही होतात: लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची दोन पानं तयार होतात, कधी दोन माणसं एका पानावर येतात. म्हणून संस्थेसोबत सहलेखक आणि विषयही ताडून पाहा. स्वतःचं पान फुटलं असेल तर ती पानं जोडण्याची विनंती करता येते. शिवाय संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक आजच काढा, तो फुकट मिळतो. स्कॉलरवर मात्र लेखकाने स्वतः प्रोफाइल उघडलं असेल तरच पान सापडतं. स्कॉलरवरचा एच-इंडेक्स (लेखकाचे लेख आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला आकडा) सहसा जास्त दिसतो, तेव्हा दोन उमेदवारांची तुलना एकाच ठिकाणचे आकडे घेऊन करा.

वेब ऑफ सायन्सचं मूळ यूजीन गारफिल्ड यांच्या १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे. एखादं जुनं पुस्तक खुद्द डेटाबेसमध्ये नसलं, तरी त्याचा संदर्भ कोणी कोणी दिलाय हे तिथल्या ‘साइटेड रेफरन्स सर्च’मध्ये मिळतं. सामाजिक शास्त्रांत याचा फार उपयोग होतो. किती मागच्या वर्षांपर्यंत जाता येईल, हे तुमच्या ग्रंथालयाने काय घेतलंय त्यावर ठरतं. खरा इम्पॅक्ट फॅक्टरही (नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) याच घरचा, क्लॅरिव्हेट कंपनीचा. नियतकालिकाने इम्पॅक्ट फॅक्टर म्हणून दुसऱ्याच कुठल्या संस्थेचा आकडा मिरवला असेल तर तिथे लेख पाठवू नका.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना २०२५ पासून सुरू झाली आहे, पण ती लेख वाचण्यासाठी आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स आपल्याकडे आहे का, हे ग्रंथपालांना वेगळं विचारा. दोन्ही नसतील तर स्वतःच्या खिशातून काही भरू नका. २०२२ पासून ओपनअलेक्स हा तसाच एक मोफत डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. लेखकांच्या नावांची सरमिसळ तिथे जास्त दिसते, पण लेख आणि त्यांचे संदर्भ शोधायला तो पुरेसा आहे.